पोर्टचा मांडव, स्टारबोर्डचा मांडव

"नवरदेव पाटावर बसला, नवरी बसली, भटजी बसला, अन् मुलीचा बाप हाय कुठं? बाप काय टपालानं येणार हाय का?"

नवरदेवाचे चुलते ओरडत होते. माणूस येवल्याचा, पैठणीच्या मागावर जन्म गेलेला. मागाच्या खटखटाटावर आवाज चढवायची सवय, त्यामुळे त्यांचं साधं "पाणी आणा" सुद्धा दोन शेतं पलीकडे ऐकू जायचं. ते ओरडले तेव्हा मांडवाच्या कमानीवरची झेंडूची फुलं गळली. गळली म्हणजे गळलीच. मी खाली उभा होतो, दोन माझ्या डोक्यावर पडली.

आणि मुलीचा बाप तिथून मोजून तीस पावलांवर उभा होता. दोन मांडवांच्या मधल्या हिरवळीच्या पट्ट्यात, गळ्यात शिट्टी, हातात प्लॅस्टिक चढवलेला नकाशा, एक पाय डावीकडे वळलेला, दुसरा उजवीकडे. डावीकडच्या मांडवात थोरली मुलगी, उजवीकडच्यात धाकटी. दोन्हीकडचे माइक एकाच वेळी बोलावत होते, "मुलीच्या आईवडिलांनी कन्यादानाला यावं." मी त्यांच्या शेजारी वॉकीटॉकी धरून. इंजिनरूमला आग लागलेली मी पाहिली आहे, पण त्या दिवशी त्या माणसाच्या चेहऱ्यावर जे होतं ते आगीतही पाहिलं नव्हतं.

पुढचं सांगण्याआधी हा गृहस्थ कोण हे सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल मी रचून सांगतोय. मी रचतो, नाही असं नाही. पण या माणसाच्या बाबतीत खरं आहे तेच थोडं कापून सांगावं लागतं.

आम्ही त्यांना सर म्हणायचो. अठ्ठावीस वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये काढून, चीफ इंजिनिअर होऊन ते देवळाली कॅम्पात एका बेकरीच्या वरच्या मजल्यावर राहायला आले होते. जहाजावरच्या इंजिनिअरला वरची पायरी चढायची तर तोंडी परीक्षा द्यावी लागते, आणि तिच्यात आपटलेल्या पोरांची ते शिकवणी घ्यायचे. नाशिकला समुद्र नाही ही गोष्ट त्यांना कोणी सांगितली नव्हती, आणि सांगायची कोणाची छातीही नव्हती. घराची डावी बाजू ते पोर्ट म्हणायचे, उजवी स्टारबोर्ड. "स्टारबोर्डच्या बाथरूमचा नळ गळतोय," असं ते प्लंबरला फोनवर सांगायचे, आणि कॅम्पातला तो प्लंबर बिचारा बरोबर उजवीकडच्या बाथरूममध्ये शिरायचा. माणसं तयार केली होती त्यांनी.

घरातला एकेक पाइप जहाजाच्या नियमानं रंगवलेला. गोडं पाणी निळं, इंधन तपकिरी, वंगणाचं तेल पिवळं. गॅसची नळी तपकिरी. काकूंची, म्हणजे सरांच्या बायकोची, फोडणीच्या तेलाची बरणी पिवळी. एकदा काकूंनी त्या बरणीत चिंच भरून ठेवली तर सरांनी दोन दिवस जेवणात चिंचेला हात लावला नाही; "वंगणात भेसळ आहे," म्हणाले.

ते बसत नसत. मी दीड वर्ष त्यांच्याकडे जात होतो, आणि खुर्चीला पाठ टेकलेले सर मला आठवत नाहीत. स्वयंपाकघर, खोली, गॅलरी, परत स्वयंपाकघर अशी त्यांची फेरी चालू, आणि शिकवणं चालत्या फेरीतच. आम्ही सातजण सतरंजीवर बसून माना इकडून तिकडे फिरवायचो. त्यातल्या एकाच्या मानेला पट्टा लागला होता. तो म्हणायचा जिममध्ये आखडली, पण आम्हाला ठाऊक होतं.

फेरीत वाटेत येईल त्याला ते उलटा तळहात लावून बघायचे. इंजिनरूमची सवय ती. पंप तापलाय का ते हाताच्या मागच्या बाजूनं कळतं. फ्रिजला लावायचे, इन्व्हर्टरला लावायचे, आमच्या कपाळाला लावायचे. रिक्षातून उतरल्यावर पैसे देण्याआधी रिक्षाच्या मागे जाऊन इंजिनाला हात लावायचे आणि म्हणायचे, "भाऊ, हिला दमवतोयस." रिक्षावाले मग त्यांना पाहून लांबूनच हॉर्न द्यायचे, बसवायला नव्हे, पळायला.

आवाजाची त्यांना भीती नव्हती, शांततेची होती. जहाजावर इंजिनाची घरघर थांबली की माणूस झोपेतून उडतो. कॅम्पात दुपारी वीज गेली, पंखा आणि फ्रिज एकदम गप्प झाले, की सर भरल्या ताटावरून उठून जिन्यात पोचलेले असायचे. उलट लष्कराच्या तोफांचा सराव सुरू झाला, खिडक्या थरथरायला लागल्या, की त्यांचा चेहरा निवायचा. कान लावून मोजायचे. "चार नंबरचा सिलिंडर उशिरा पेटतोय," असं तोफखान्याबद्दल बोलणारा दुसरा माणूस भारतात नसावा.

त्यांचा एक लाडका प्रश्न होता. कोणीही नवा पोरगा आला, चप्पल काढून आत आला, की त्याला बसायला सांगायच्या आधी हा प्रश्न.

"जहाजाला मुख्य इंजिनं दोन. सहाय्यक यंत्रणा सामाईक ठेवशील का?"

मुख्य इंजिन एकटं चालत नाही. त्याला तेल पुरवणारा पंप लागतो, थंड ठेवणारं पाणी लागतं, सुरू करायला दाबाची हवा लागते. हा सगळा सहाय्यकांचा गोतावळा. दोन इंजिनं असली तर प्रत्येकाला वेगळा गोतावळा द्यायचा, की एकच दोघांत वाटायचा? पोरगं "नाही सर" म्हणालं तरी चूक, "हो सर" म्हणालं तरी चूक.

"ठेवीन, पण!" सर ओरडायचे. "तो 'पण' विसरलास की समुद्रात गेलास. एकाचा बिघाड दोघांना थांबवता कामा नये. मध्ये व्हॉल्व्ह पाहिजे, तोडता आलं पाहिजे, आणि फिरणाऱ्या प्रत्येक वस्तूला स्टँडबाय पाहिजे. म्हण!"

आम्ही म्हणायचो. खालचा बेकरीवालाही म्हणायचा, कारण त्याला पाठ झालं होतं.

मग ती गोष्ट यायची. बिस्केच्या उपसागरात त्यांच्या जहाजाची दोन्ही इंजिनं एकदम बंद पडली होती, कारण दोघांची इंधनाची टाकी एकच होती आणि तिच्यात पाणी शिरलं होतं. पहिल्यांदा मी ऐकली तेव्हा लाटा तीन मजली होत्या. मानेच्या पट्ट्यावाला आला तेव्हा पाच मजली झाल्या. माझ्या दुसऱ्या परीक्षेच्या सुमारास कॅप्टननं नमाज पढायला सुरुवात केली आणि लाटेतून एक मासा थेट इंजिनरूममध्ये आला. पण एक तपशील कधी बदलला नाही. दोन्ही इंजिनं थांबली तेव्हा सरांना स्वतःच्या मनगटावरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू आली होती. तिथं पोचले की ते क्षणभर चालायचे थांबायचे.

तिसऱ्या परीक्षेत मला नेमका तोच प्रश्न आला. मी उठून चालायलाच लागलो. परीक्षक म्हणाले, "बसा." मी म्हणालो, "बसून हे उत्तर येत नाही, सर." पास झालो.

तर असा हा माणूस. त्याला दोन मुली, दीड वर्षाच्या अंतरानं. दोघींची लग्नं एकाच हंगामात ठरली. थोरलीचा मुलगा ओझरचा, विमानाच्या कारखान्यात. धाकटीचा येवल्याचा. आता तुम्ही-आम्ही काय करू? महिनाभराचं अंतर ठेवू. सरांनी त्याच संध्याकाळी नकाशा काढला.

"दोन सख्ख्या बहिणी एका मांडवात उजवू नयेत," त्यांच्या आत्याबाई म्हणाल्या.

"एका मांडवात नाहीच, आत्या. मांडव दोन. सहाय्यक यंत्रणा सामाईक."

ओझरच्या रस्त्यावर एक मोठं लॉन घेतलं. डावीकडे पोर्टचा मांडव, उजवीकडे स्टारबोर्डचा. मध्ये एक स्वयंपाकघर, एक जनरेटर, एक बँड, एक गुरुजी, एक घोडी. थोरलीचा मुहूर्त बारा सतरा, धाकटीचा बारा एकेचाळीस. चोवीस मिनिटांत सगळा गोतावळा पोर्टवरून स्टारबोर्डला सरकवायचा. आणि प्रत्येक गोष्टीला स्टँडबाय! एक राखीव गुरुजी जनरेटरच्या सावलीत खुर्ची टाकून बसवलेले, सकाळपासून त्यांना फक्त चहा मिळत होता. कॅम्पातून लष्करी बँडातून निवृत्त झालेले तीन म्हातारे, एक मोठा ढोल घेऊन. राखीव आचारी. मुलींना मांडवात आणायला सख्खा मामा एक, तर एक चुलतमामा पिवळा फेटा बांधून तयार. घोडीला स्टँडबाय म्हणून फुलांनी सजवलेली मोटार, इंजिन चालू, आणि तिच्यावर मी. मी नुकताच एक जहाज संपवून सुट्टीवर आलो होतो. सरांनी मला लग्नाचं आमंत्रण दिलं नाही, ड्यूटी दिली.

"फोर्थ," मी जहाजावर फोर्थ इंजिनिअर, म्हणून ते मला याच नावानं हाक मारायचे, "मोटार बंद करायची नाही."

"सर, घोडी आहे की."

"घोडीला बेअरिंग आहे का? मग तिचा भरवसा काय सांगतोस!"

नकाशात पन्नासएक चौकोन होते. अक्षतांच्या पातेल्यालासुद्धा चौकोन होता आणि त्याच्या खाली दुसऱ्या पातेल्याचा.

सगळं घड्याळासारखं चाललं असतं. पण लांबचे पाहुणे नेहमी लवकर येतात आणि जवळचे उशिरा. येवल्याची मंडळी सकाळी नऊलाच हजर, ओझरची, जी चालत येऊ शकली असती, तिचा साडेअकरापर्यंत पत्ता नाही. घोडी मोकळी उभी. आणि मोकळं उभं असलेलं यंत्र सरांना बघवत नाही. ते दोनदा तिच्याभोवती फिरले, तिच्या मानेला उलटा हात लावला आणि म्हणाले, "आधी येवल्याला घ्या."

ही त्यांची चूक. म्हणजे त्यांनी स्वतःच आखलेला क्रम त्यांनी स्वतःच फिरवला, निव्वळ स्वस्थ राहवलं नाही म्हणून.

येवल्याचा नवरदेव वाजतगाजत मारुतीच्या देवळापासून आला. घोडी परत ओझरवाल्यांकडे गेली. येताना वाटेत रसवंती होती. रसवंतीवाल्यानं उसाचे वाढे रस्त्याकडेला टाकले होते. घोडी थांबली ती थांबलीच. नवरदेव वर, तलवार हातात, आणि घोडी खाली वाढे खातेय. मी मोटार घेऊन धावलो.

"चला, हिच्यात बसा."

नवरदेवाचे मित्र आडवे आले. "येवलेकरांना घोडी आणि आम्हाला डबडी? अजिबात नाही!"

"अहो, मुहूर्त..."

"मुहूर्त घोडीला सांगा!"

घोडीनं सगळे वाढे संपवले. नंतर वर तोंड करून रसवंतीवाल्याकडे पाहिलं. मला तर वाटलं, आता ही लिंबू-आलं घालून एक ग्लास मागणार.

बारा सतरा गेले. गुरुजींनी पंचांग उघडलं आणि म्हणाले, "आता बारा एकेचाळीसच. आणि बारा त्रेपन्नच्या आत कन्यादानाचं पाणी पडलं पाहिजे, पुढे योग नाही." म्हणजे दोन्ही लग्नं एकाच मिनिटाला.

दुसरा कोणी बाप असता तर मट्कन खाली बसला असता. सर फुलले! आयुष्यभर ज्या बिघाडाची तालीम केली तो समोर आला होता. शिट्टी वाजली. "सामाईक तोडा! स्टँडबाय सगळे आत घ्या!" राखीव गुरुजी अकरा चहांनंतर खुर्चीवरून अक्षरशः उडाले. तिन्ही म्हाताऱ्यांनी ढोल उचलला. चुलतमामा पिवळा फेटा सावरत धाकटीकडे पळाला. दोन मांडवांत दोन अंतरपाट, दोन मंगलाष्टकं, एक सुरात आणि एक लष्करी तालात. बारा एकेचाळीसला दोन्हीकडे एकदम अक्षता पडल्या. सरांनी माझ्या पाठीत असा धपका मारला की वॉकीटॉकी उडाली. "बघ फोर्थ! एकाचा बिघाड, दोघं चालू!"

आणि मग ते दोन माइक बोलले. मुलीच्या आईवडिलांनी कन्यादानाला यावं.

सरांनी नकाशा वर धरला. बोट फिरलं. गुरुजी, राखीव गुरुजी. मामा, राखीव मामा. आचारी, पातेलं, जनरेटर. बोट खालच्या कडेपर्यंत गेलं आणि पुन्हा वर आलं. मुलीच्या बापाचा चौकोनच नव्हता. तो नकाशा काढणारा होता ना. त्याला स्वतःला यंत्रणेत घालायचं सुचलंच नव्हतं.

बँड थांबला होता, दोन्ही. जनरेटरही कुणीतरी बंद केला होता. येवल्याचे काका पुन्हा ओरडले, "आमच्या मागावर एका टायमाला दोन पैठण्या कोणी विणत नाय! पाच मिनिटं बघतो, नायतर नवरदेवाला उठवून बसमधी बसवतो!"

"काका, आधी थोरलीचं होऊ द्या, मग लगेच..." मी म्हणालो.

"का? आमची पोरगी काय उरल्यासुरल्या वेळात द्यायची हाय?"

दोष त्यांचाही नव्हता. गुरुजींचं एक कन्यादान सात मिनिटांचं आणि हातात होती दहा. सर हलत नव्हते. मी म्हणालो, "सर?" ते म्हणाले, "पोर्ट आधी." मला नाही, नकाशाला. यादीत पोर्ट पहिलं होतं. आणि त्यांचे पाय डावीकडे चालू लागले.

ते चार पावलं गेले असतील, तोच काकू स्वयंपाकघराच्या बाजूनं आल्या. वरणाचा अंदाज घ्यायला गेल्या होत्या. माइक त्यांनी ऐकला होता. त्यांनी डावीकडे जाणाऱ्या नवऱ्याकडे एकदा पाहिलं, पदर कमरेला खोचला आणि उजवीकडे वळल्या.

राखीव गुरुजी गडबडले. "वहिनी, जोडीनं बसावं लागतं."

"सुपारी आहे ना?"

जोडीदार हजर नसला की कमरेला सुपारी खोवून पूजेला बसतात, हे सगळ्यांना माहीत. पण गुरुजी म्हणाले, "यजमान तर तिथं समोर दिसताहेत!"

"द्या हो. घरभरणी, सत्यनारायण, मंगळागौरीची उद्यापनं, सगळं मी सुपारीवरच केलंय. ती सवयीची आहे. संकल्प सांगा, वेळ जातोय."

गुरुजींनी सुपारी दिली. काकूंनी ती अशी सराईतपणे कमरेला खोवली की येवल्याचे काका, ज्यांचं तोंड पुढच्या वाक्यासाठी उघडं होतं, ते तसंच मिटून खाली बसले. आणि बायकोला म्हणाले, पहिल्यांदाच हळू, "बाई खंबीर हाय."

तिकडे पोर्टला सरांपुढे तोच प्रश्न. मोठ्या गुरुजींनी त्यांच्या हातावरही सुपारी ठेवली. जहाजाचं इंजिन डोळे मिटून उघडणारा हा माणूस, त्याला ती कुठं खोवायची कळेना. सोवळ्यात अडकवली, पडली. पुन्हा अडकवली, पुन्हा पडली. शेवटी थोरलीनंच वाकून बापाच्या कमरेला सुपारी खोवून दिली आणि मग हात पुढे केला. बारा एक्कावन्नला दोन्हीकडे पाणी पडलं.

जेवणं झाली. ओझरवाल्यांनी घोडीला जिलेबी खाऊ घातली. सगळे म्हणत होते काय थाट, काय आखणी.  सर एका प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसले होते. पाठ टेकून. मी जाऊन जनरेटर चालू केला आणि मुद्दाम एकदम बंद केला, शांततेनं तरी ते उठतील म्हणून, पण उठले नाहीत.

चारच्या सुमारास येवल्याची बस निघाली. धाकटी काकूंच्या गळ्यात पडून रडली, आत्याबाईंच्या गळ्यात पडून रडली, त्या चुलतमामाच्याही गळ्यात पडली, त्याचा फेटा सुटेपर्यंत. मग बापाला वाकून नमस्कार केला. सर खिडकीपर्यंत गेले. बस सुरू झाली होती. त्यांनी नेहमीच्या सवयीनं तिच्या पत्र्याला उलटा हात लावला आणि तो तिथंच राहू दिला.

"चिमे," ते म्हणाले, "मी तुझ्या मांडवात नव्हतो. रागावलीस?"

तिनं खिडकीतून खाली पाहिलं. रडणं संपलं होतं.

"नाही बाबा," ती म्हणाली. "सवय आहे."